फक्त चार पिसं

ज्या कोणी गावभर असं पसरवलं की माझ्या मासेमारीत मासे सोडून सगळ्यांना त्रास झाला, त्या माणसाला थोडी तरी लाज वाटायला हवी. नाव घेत नाही. त्याला कळलंय, त्याच्या बायकोलाही कळलंय, एवढं पुरे. आणि आरोप साफ खोटा आहे. एका माशालाही त्रास झाला होता.

तर खरं काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका. फजिती माझी आहे, तिच्यावर पहिला हक्क माझा. चहा संपेपर्यंत सांगून होईल. मध्येच कोणाला हसू आलं तर हसा, मला आता सवय झाली आहे.

मी वाशिमला प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं. प्रथम श्रेणीत. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढे, रस्त्यापासून आत आमचं गाव. पदवी घेऊन परत आले तेव्हा माझी अशी समजूत होती की गाव माझी वाट बघत बसलं असेल. गाव सोयाबीन काढत होतं.

गावाला एक तलाव आहे. त्याच्या एका उथळ कोपऱ्यात बेशरमीची झुडपं माजलेली असतात आणि त्यांच्या मुळाशी मरळीची पिल्लं वाढतात. दरवर्षी दसरा झाला की पहिल्या मंगळवारी आमची मच्छीमार सोसायटी त्या कोपऱ्यात जाळं ओढते. जाळं कसलं, मच्छरदानीची सख्खी बहीण. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मग दोन वर्षांनी हीच मंडळी काठावर बसून एकमेकांना विचारतात की मोठ्या मरळी गेल्या कुठे. सुकवून खाल्ल्या, अजून कुठे जाणार?

हे मी बघत बसणार होते का? नवरात्राच्या आठ दिवस आधी मी थेट सोसायटीच्या बैठकीत जाऊन भाषण दिलं. पाऊण तास. अन्नसाखळी, प्रजनन, भावी पिढ्या, सगळं आलं. सोसायटीचे अध्यक्ष सखारामभाऊ शांतपणे तंबाखू मळत ऐकत होते.

शेवटी मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही पुढच्या वीस वर्षांचा विचार करा."

"पोरी, मी येत्या मंगयवारचा इचार करून राह्यलो. त्याचाच जमून नाही राह्यला."

मग मी माझा हुकमी एक्का काढला. जगात कितीतरी लोक पिसांची खोटी मासोळी करून खऱ्या माशाला फसवतात. त्यासाठी लांबून गाडी करून येतात, राहतात, जेवतात. मासा धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. तो कोपरा पिल्लांसाठी राखला, तर उद्या आपल्या तलावावरही असे लोक येतील.

सखारामभाऊंचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात सोसायटीतले सगळ्यात म्हातारे तुळशीरामबाबा म्हणाले, "सोडून देते?"

"हो."

"मंग धरते कायले?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण हसण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. सखारामभाऊंनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "असं करू. जाळं टाकाच्या दिवशी सकाळी तू ये. आमच्यासमोर तुह्या त्या पिसानं एक मरळ धरून दाखव. धरली, त औंदा तो कोपरा सोडला. नाही धरली, त आमी जाळं टाकतो अन् तू घरी जातं."

मी तिथल्या तिथे हो म्हणाले. एक मरळ. त्यात काय?

आता ही पिसांची मासोळी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. तिला स्ट्रीमर म्हणतात. लांब दांड्याच्या गळाला चंदेरी पट्टी गुंडाळायची, ते झालं पोट. मासोळीच्या गळ्याखाली चार केस बांधायचे. आणि वरून पंख म्हणून कोंबड्याच्या मानेची लांब, निमुळती पिसं, दोन दोनच्या दोन जोड्या. पाण्यात ओढली की ती पिसं अशी मिटतात आणि उघडतात की मोठ्या माशाला वाटतं, लहान मासोळीच पळते आहे. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकले. पुण्याच्या आतेभावाने त्याची जुनी रॉड आणि मूठभर गळ देऊन टाकले होते. दोरा शिलाई मशीनचा, चंदेरी पट्टी आईच्या फाटक्या शालूच्या जरीची, डोक्यावर चकाकी द्यायला नेलपॉलिश, आणि गळ धरायला मशीनच्या टेबलाला सुतळीने बांधलेली पक्कड.

अडलं ते पिसांवर. नवरात्र बसलं होतं. चिकनचं दुकान बंद. आणि उघडं असतं तरी बॉयलर कोंबडीच्या मानेवर काय असतं? कापूस. मला हवा होता गावरान कोंबडा. पूर्ण वाढलेला. तांबूस सोनेरी पिसांचा, प्रत्येक पिसाच्या मधोमध काळी रेघ असलेला.

असा कोंबडा आमच्या गल्लीत होता. एकच. नवरात्रात कोणी खात नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. भर रस्त्याच्या मधून चालायचा. मोटारसायकलवाले त्याला वळसा घालून जायचे.

मी मुठीत ज्वारी घेऊन निघाले तेव्हा आई भगर निवडत होती. तिने माझी नजर बघितली. "त्या कोंबड्याच्या वाटी नोको जाऊ वं. तो सखारामभाऊच्या घरचा, याच साली त्याले..."

"आई, चार पिसं घेणार आहे. मान नाही कापणार. पिसं परत येतात, हे विज्ञान आहे."

"अवं, पन आयकून त घे."

मी ऐकून घेणाऱ्यातली असते तर हा किस्सा इथेच संपला असता.

गोठ्यामागे, तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाआड मी त्याला ज्वारी टाकली, ओढणीत गुंडाळलं आणि मानेची चार पिसं काढली. फक्त चार. तो ओरडला, पण दुपारची वेळ, गल्ली शेतात गेलेली.

घरी येऊन बांधायला बसले. दोन पिसं डावीकडे वळली, एक उजवीकडे, आणि एक माझ्याकडे बघायला लागलं. तेव्हा कळलं की जोडी जुळावी लागते. डाव्या बाजूची डाव्या बाजूला, उजव्या बाजूची उजव्या बाजूला, दोघांची लांबी सारखी, वाक सारखा. लग्नाची जोडी जुळवताना आमच्याकडे एवढं बघत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी अजून आठ घेतली. तिसऱ्या दिवशी दोऱ्याने दांडे चिरले, म्हणून अजून दहा. मग नेलपॉलिश सांडलं. मग एक बांधणी इतकी छान झाली की तशाच आणखी पाच असाव्यात असं वाटलं. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं होतं, अष्टमीला माझ्याकडे सहा देखण्या मासोळ्या होत्या आणि कोंबड्याची मान पुण्यातल्या एखाद्या न्हाव्याने फॅशन म्हणून कोरावी तशी दिसत होती.

आणि हो, प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये यावर कॉलेजात मला निबंधाचं बक्षीस मिळालं आहे. विषय निघाला म्हणून सांगितलं.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला लोक घरोघरी हिंडले आणि सगळ्यांना तो कोंबडा दिसला. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच विषय. कोणी म्हणालं, मानमोडी आली. कोणी म्हणालं, नाही, हा नवीनच रोग आहे, आधी मान खातो, मग खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या टोपल्यांखाली. दारोदारी कडुनिंबाचा धूर. एकाने तर आपल्या सहा कोंबड्या पिशवीत घालून मोटारसायकलवरून इंझोरीला सासऱ्याकडे हवापालटाला पाठवल्या.

मी काय करत होते? घरात बसून या अडाणी लोकांच्या अफवांवर चिडत होते. पुरावा नाही, तपासणी नाही, लगेच रोग. अशाने देश कसा पुढे जाणार?

तेवढ्यात सखारामभाऊंची बायको, कौसाकाकू, दारात. "पोरी, तू त जनावराचंच शिकली नं? जरा आमचा कोंबडा पाह्य वं."

बघा हं. चोराच्या घरी जाऊन त्यालाच तपासाला बोलावणं. नाही म्हणायला तोंड हवं होतं. ते मी बैठकीत वापरून टाकलं होतं.

काकूंनी कोंबड्याला घरात घेतलं होतं. मानेला हळद आणि तेल, खाली गोधडी, समोर वाटीत पाणी. मी उंबरठ्यावर पाय ठेवला, त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि किंचाळत थेट धान्याच्या कोठीवर उडाला. तिथून फळीवर. तिथून दोन डबे पाडून काकूंच्या पदरात.

"मायबाई, हा त कुत्र्याले भेत नाही," काकू म्हणाल्या.

"आजारात असं होतं काकू. अनोळखी माणसाची भीती वाटते."

"अनोयखी कायची? तू त रोज दुपारी आमच्या गोठ्याकडेच दिसतं."

मी घाईघाईने कोंबड्याचा डोळा तपासला. मानेचं काहीच तपासायची गरज नव्हती. "काळजी करू नका. पिसं झडायचा हंगाम आहे, त्यात प्रथिनं कमी पडली. उकडलेलं सोयाबीन द्या. आणि रोज एक अंडं."

"कोंबड्याले अंडं चारू?"

"उकडून."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला पदवी परत करावीशी वाटली. पण शिकलेल्या मुलीचा शब्द. त्यांनी मान डोलावली. "अन् मंगयवारपर्यंत येतीन का पिसं? याले पान्यावर न्यायचं हाय, आसराले..."

"काकू, प्लीज. देवाला पिसांशी काय देणंघेणं? तुम्ही अंडं द्या."

आता आठवलं की वाटतं, दोन माणसं मला दोन वेळा एकच गोष्ट सांगायला बघत होती आणि दोन्ही वेळा मी त्यांचं प्रबोधन केलं.

अखेर मंगळवार उजाडला. तलावावर अख्खी सोसायटी. जाळं काठावर पसरलेलं, त्याची एक दोरी धरून गजाननभाऊ गुडघाभर पाण्यात उभे. ते माणूस कमी बोलणारं, म्हणून मला आवडायचे. मी कोपऱ्यासमोरच्या दगडावर चढले. रॉड जोडली, सहापैकी सगळ्यात सुंदर मासोळी बांधली. उन्हात तिची पिसं अशी चमकली की सखारामभाऊसुद्धा वाकून म्हणाले, "चीज त झकास बनवली."

या प्रकारात दोरी आधी मागे फेकावी लागते, मग पुढे. मागे फेकली. बाभळीत अडकली. तुळशीरामबाबांनी फांदी वाकवून काढून दिली. दुसऱ्यांदा मागे फेकली, तर सखारामभाऊंची टोपी उचलली आणि पुढच्या झटक्यात ती टोपी पाण्यात. टोपी दूर गेली, व्यवस्थित, सरळ रेषेत. त्या दिवसातली माझी सगळ्यात चांगली फेक तीच.

पहिल्या तासात काही नाही. दुसऱ्या तासात पाणकोंबड्या जवळ येऊन बसल्या. मंडळींनी चहा प्यायला, डबे उघडले. मला मात्र एक गोष्ट सारखी दिसत होती. झुडपांच्या मुळाशी त्या काळपट पिल्लांचे थवे हलत होते. मी हरले की दुपारपर्यंत ती सगळी काठावर वाळत पडणार होती. मी मासोळी पुन्हा फेकली.

आणि मग दोरीला झटका बसला.

मी ओढलं. सगळे उठून उभे राहिले. दोरी आत आली, गळ वर आला, आणि गळाला मासा होता. मरळच होती. माझ्या करंगळीएवढी. आणि ती गळ गिळून आलेली नव्हती. मधून जाताना बिचारीच्या शेपटीला गळ ओरखडला होता.

"ही मरळ आहे," मी म्हणाले. "जात बघा. किती मोठी हवी, हे ठरलं नव्हतं."

तुळशीरामबाबांनी ती तळहातावर घेतली, डोळ्याजवळ नेली. "म्याडम, याच्याहून मोठा त तुहा गळ हाय."

मी तिला पाण्यात सोडलं. थोडी तिरकी पोहत गेली, पण गेली. सखारामभाऊ हसले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं. "झालं ते झालं पोरी. तू आपलं काम केलं. आता आमाले आमचं करू दे." मग मागे वळून त्यांनी हाक दिली, "आन वं कोंबडा."

कौसाकाकू काठावर आल्या. पदराखाली तोच कोंबडा. शेंदूर लावलेल्या सात दगडांसमोर त्यांनी त्याला धरलं. कोपऱ्यात जाळं पडण्याआधी तलावाच्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात देवींना, त्याचा बळी द्यायचा, ही इथली रीत. तीन पिढ्यांची. फक्त मला माहीत नव्हती. मला अन्नसाखळी माहीत होती.

तुळशीरामबाबांनी हळद पुसून कोंबड्याची मान बोटांनी फुलवली आणि थांबले. "भाऊ, हा अंगानं पुरा नाही."

"येऊन राह्यले नं पिसं," काकू कळवळून म्हणाल्या. "पाह्य नं बाबा, कोंब फुटले. पोरीनं अवशद सांगतलं होतं."

"कोंब चालत नाही. आसराले पुरा लागते."

"मंग दुसरा आना," कोणीतरी म्हणालं.

"दुसरा कसा? घट बसले त्या दिशी यालेच कुकू लावलं. एकदा ज्याले लावलं तोच." बाबांनी दोन्ही हात झटकले. "याची मान भरतपर्यंत त्या कोपऱ्यात जाळं नाही. दुसरीकडे टाका."

लाल तुऱ्यावर लावलेलं कुंकू कोणाला दिसतं, सांगा. मला नव्हतं दिसलं. पण बाबा काय म्हणाले ते मला बरोबर ऐकू आलं. मान भरेपर्यंत जाळं नाही. तोवर त्या कोपऱ्यातलं पाणी ओसरेल, पिल्लं मोठी होऊन खोल पाण्यात जातील. माझं पाऊण तासाचं भाषण, दोन तासांची मासेमारी, आणि इथे एका मानेने सगळा निकाल लावला.

अशा वेळी शहाणं माणूस काय करतं? गप्प बसतं. मी काय केलं? मी प्रथम श्रेणीत पास झालेली.

"सगळी पिसं यायला अडीच महिने तरी लागतील," मी मोठ्याने म्हणाले.

तुळशीरामबाबा वळले. "तुले कसं मालूम?"

"प्राणिशास्त्र."

हे सांगताना मी रॉड खांद्यावर टाकली होती. तिच्या टोकाची मासोळी झोके घेत बरोब्बर बाबांच्या नाकासमोर येऊन थांबली. तांबूस सोनेरी, मधोमध काळी रेघ. बाबांनी ती दोन बोटांत धरली. मग कोंबड्याच्या मानेच्या बुडाशी उरलेली पिसं बघितली. मग परत मासोळी. कोंबड्यानेही ती बघितली आणि असा काही किंचाळला की वेगळा साक्षीदार लागलाच नाही.

तो सगळा काठ माझ्याकडे बघत होता. मी सांगून टाकलं. सगळं. ज्वारी, ओढणी, तुऱ्हाट्या, उजवी डावी बाजू. विज्ञानात नमुना मोठा घ्यावा लागतो, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

कौसाकाकूंनी कोंबडा पुन्हा पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "पाच दिस मी याले अंडं चारलं. रोज एक. घरच्या मानसाले चटनी-भाकर देली."

सखारामभाऊंनी सावकाश बायकोकडे बघितलं. अंड्यांचं त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मी काकूंची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण त्या कोंबड्याला छातीशी धरून उभ्या होत्या आणि तो अजून थरथरत होता. सखारामभाऊंनी काठाला लागलेली टोपी उचलली, पिळून डोक्यावर ठेवली आणि जाळं गुंडाळायला सांगितलं. रीत ती रीत. कोणी कितीही शिकलेलं असो, कोंबडा कोणीही उपटलेला असो.

इथे तरी मी घरी जायला हवं होतं. पण जाळं उचललं जाताना बघून मला राहवलं नाही. "भाऊ, म्हणजे शेवटी तो कोपरा वाचलाच ना? माझा मुद्दा मुळात हाच होता की पिल्लांना जर..."

पाण्यात उभे राहून सकाळपासून एक शब्दही न बोललेले गजाननभाऊ दोरी कोपरावर गुंडाळत बाहेर आले आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "म्याडम, पुढच्या साली भाषन नोका देऊ. नवरात्रात येऊन गुपचाप पिसं उपटून जा."